नळी, वाटी आणि आमचे घरमालक

केजमध्ये मी खोली शोधत हिंडत होते, तेव्हा लोकांनी मला नाव, गाव, नवरा कुठं असतो, पाहुणे किती येतात असं सगळं विचारून घेतलं. सरांनी मात्र विचारलं, "वर टाकीत पाणी आहे. तुमच्याजवळ पाइप आहे आणि बादली आहे. मोटार नाही, नळ नाही. पाणी खाली कसं आणाल?"

मी म्हटलं, "पाइपाचं एक टोक टाकीत बुडवायचं आणि दुसरं टोक तोंडात धरून ओढायचं."

"पाणी तोंडात आलं की?"

"बादलीत सोडून द्यायचं. मग ते आपलं आपण येत राहतं."

सर त्यांच्या बायकोकडं, म्हणजे काकूंकडं वळून म्हणाले, "हिला खोली द्यायची." बाकीच्या चौकशा मग काकूंनी केल्या.

सर म्हणजे आमचे घरमालक. हायस्कूलला विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते, पण ही निवृत्तीची गोष्ट त्यांना कुणी नीट समजावून सांगितली नसावी. अर्ध्या तालुक्याला त्यांनी शिकवलं होतं आणि या अर्ध्या तालुक्याला ते नावानं नाही, तर पेपरात केलेल्या चुकीवरून ओळखायचे. एकदा आम्ही दोघं एकाच एसटीत होतो. कंडक्टर तिकीट द्यायला आला. चांगला मिशीवाला, दोन लेकरांचा बाप. सर मला मोठ्यानं म्हणाले, "यानं दहावीला लिहिलं होतं की लोखंड पाण्यात भिजलं की विरघळतं." बिचारा कंडक्टर सगळ्या गाडीसमोर खाली मान घालून सुट्टे पैसे मोजत राहिला. उतरताना मात्र तो सरांच्या पाया पडला, हेही सांगायला हवं.

घर बांधताना सरांचं गवंड्याशी भांडण झालं होतं. ओटा एका अंगाला कललाय असं सरांचं म्हणणं, आणि गवंड्याचं म्हणणं सरांचीच मान कललीय. तेव्हा सरांनी त्याच्याकडची लेव्हलची नळी, म्हणजे पाणी भरून दोन ठिकाणची उंची जुळवतात ती लांबलचक पारदर्शक नळी, ताब्यात घेतली ती कायमची. नंतर घरात काहीही असलं तरी त्याची पातळी बघितली जायची. कॉटची, फ्रिजची, देवघराची. माझ्या शेगडीच्या एका पायाखाली त्यांनी पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि मला विचारलं, "भाजी एकाच बाजूला का लागते, हा प्रश्न तुम्हाला कधी पडला नाही?" खरं सांगायचं तर पडला नव्हता. माझी भाजी सगळ्या बाजूंनी लागायची.

असा हा सगळ्याच्या मुळाशी जाणारा माणूस एका विषयाशी आला की मात्र एकदम मुका व्हायचा. दहावीच्या पुस्तकात प्रजननाचं प्रकरण आलं की सर वर्गात येऊन सांगत, "हे घरी वाचा, सोपं आहे," आणि शाळेच्या फाटकाचं बिजागर तपासायला निघून जात. ते बिजागर दरवर्षी त्याच सुमाराला बिघडायचं. माझं पोट दिसायला लागलं तेव्हा तर त्यांची फार पंचाईत झाली. एक दिवस जिन्यात मला वाट देत ते भिंतीकडं बघून म्हणाले, "प्रकृती वाढलीय. जपून उतरा." बाळंतपणाला ते प्रकृती म्हणत आणि बाळाला पाजण्याला कार्यक्रम. "कार्यक्रम चालू आहे का? मग पाणी नंतर सोडतो," असं ते बाहेरून काकूंना विचारत, आणि मी आत हसू दाबत बसायची.

मला आई नाही, त्यामुळे माहेरी जायचा प्रश्न नव्हता. नवरा पुण्याला कंपनीत, सुट्टी मिळेल तशी फेरी मारणारा. बाळंतपण करायला सिरसाळ्याहून सासूबाई आल्या. त्यांना मी आत्या म्हणते. आत्यांनी बाज टाकली, शेक दिला, डिंकाचे लाडू वळले, शेपूची भाजी आणि बाजरीची भाकरी खाऊ घालून घालून मला बेजार केलं. सगळं यथासांग झालं, फक्त दूध आलं नाही. म्हणजे आलं, पण पुरेना.

मुलगी दिवस भरायच्या आधीच झाली होती. सुरुवातीला तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि तिथं ती बाटलीनं प्यायला शिकली. बाटलीतून आयतं मिळतं, अंगावर ओढावं लागतं. ती दोनचार घोट ओढायची, दमायची, तोंड फिरवून रडायची. ती ओढत नाही म्हणून दूध वाढत नाही, आणि दूध वाढत नाही म्हणून ती ओढत नाही, असं ते चक्र होतं. डॉक्टरीणबाईंनी मला एक बारीक नळी दिली. तिचं एक टोक वरच्या दुधाच्या वाटीत बुडवायचं, दुसरं चिकटपट्टीनं छातीला लावायचं आणि बाळाला अंगावर घ्यायचं. बाळ ओढतं तेव्हा आईचं दूध आणि वाटीतलं दूध दोन्ही एकदम तोंडात येतं. पोट भरतं, म्हणून ते ओढत राहतं, आणि ओढत राहिलं की आईचंही वाढतं. "पण वजन वाढलं पाहिजे," बाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी वाढलेलं दिसलं नाही, तर मग बाटलीच. बाळाला उपाशी ठेवून हा हट्ट करायचा नाही."

मला मुलीला अंगावर पाजायचं होतं. का, ते मला धड सांगता येणार नाही. कमीपणा वाटत होता म्हणून असेल, आई नव्हती म्हणूनही असेल. पण पाजायचं होतं, आणि हातात दिवस थोडे होते.

दवाखान्यात सोपं दिसलेलं ते प्रकरण घरी काही केल्या जमेना. वाटी खाली ठेवली की पोरीला नळीतून काही येईना, वर धरली की नुसता लोंढा. आत्या कपाळाला हात लावून बघत बसायच्या.

"अगं, लेकराला सलाईन लावायलीस का काय?" त्या म्हणायच्या. "आमी काय नळ्या लावून वाढवलीत का लेकरं? बाटली दे तोंडात आन् मोकळी हो."

आमच्या आणि सरांच्या घरामध्ये एकच विटेची भिंत होती. तिकडं हे सगळं ऐकू जात असणारच. दोन दिवसांनी काकू पदर तोंडाला लावून हसत माझ्याकडं आल्या.

"तुमचे सर गच्चीवर बसून नळीनं दूध प्यायलेत," त्या म्हणाल्या. "वाटी कधी कठड्यावर ठेवतेत, कधी खाली फरशीवर. समोरचे विचारायलेत, सरांना काई झालंय का म्हणून. काय सांगू लोकाला?"

सरांनी शोध लावला होता. वाटी तोंडाच्या वर असली की एकदा ओढलेलं दूध थांबत नाही. फार खाली असली की ओढायला जोर लागतो. म्हणून वाटी बाळाच्या तोंडाच्या रेषेत हवी, एखादं बोट खालीच. हा निष्कर्ष त्यांनी काकूंमार्फत माझ्यापर्यंत पोचवला आणि एवढ्यावर न थांबता, आम्ही लसीला गेलो होतो तेव्हा येऊन भिंतीत एक छोटी फळी ठोकून गेले. फळी अर्थातच लेव्हलमध्ये होती.

माप कसं घेतलं ते काकूंनी मागाहून सांगितलं. "मला खुर्चीवर बसवलं. मांडीवर उशी दिली. आन् सोता भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. म्हणतेत, तोंड कुठं आलं सांग. म्हटलं, उशीला कुठं तोंड असतंय का? तर म्हणे, अंदाजे सांग."

पहिल्यांदा त्या फळीवर वाटी ठेवून मी मुलीला घेतलं, तेव्हा बाहेर ओट्यावर सरांच्या चपलांचा आवाज थांबला होता. ते कान देऊन उभे होते. मुलीनं एकदा ओढलं, दोनदा ओढलं, आणि एकदम दूध असं सुटलं की तिला ठसका लागला. नाकातोंडातून दूध आलं, चेहरा लालनिळा झाला. मी किंचाळले. आत्यांनी तिला उचलून पालथी घातली, पाठीवर थोपटलं. ती रडली तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

आत्यांनी नळी ओढून काढली आणि दारातून अंगणात फेकली. "मास्तर!" त्या ओरडल्या. "तुमची शाळा शाळेत ठिवा. हितं लेकराचा जीव हाय!"

सरांनी वाकून ती नळी उचलली आणि आत गेले.

आता फळी चुकली कशी? अगदी साधी गोष्ट होती. सरांनी माप खुर्चीवर घेतलं होतं आणि मी बसायची खाली, भिंतीला पाठ टेकून, अंथरलेल्या चवाळ्यावर. बाळंतिणीनं खुर्चीवर पाय लोंबकळत ठेवून बसलं की पायाला सूज येते, असं आत्यांचं म्हणणं, आणि त्यापुढं डॉक्टरीणबाईंचंही काही चालत नव्हतं. त्यामुळे फळी बाळाच्या तोंडापासून चांगली हातभर वर येत होती. मलाही तेव्हा ते सुचलं नाही. सरांनी लावलेली फळी चुकीची असेल असं त्या घरात कुणालाच सुचलं नसतं. आणि सरांनी मला एका शब्दानं विचारलं असतं, तर लगेच कळलं असतं. पण तोच शब्द तर त्यांच्या तोंडून निघत नव्हता.

घरात बाटली आली. मुलगी बाटली प्यायची आणि अंगावर घेतलं की तोंड फिरवायची. मी नळी मागायला काकूंकडं गेले. त्या नळी गरम पाण्यातून काढून स्वच्छ रुमालात गुंडाळून बसल्या होत्या, मी येणार हे माहीत असल्यासारख्या.

"सर बोलत न्हाईत," त्या म्हणाल्या. "जेवायलाबी बोलवावं लागतंय."

"त्यांचा काय दोष, काकू? ते बिचारे मदतच करत होते."

काकूंनी तो रुमाल माझ्या हातात ठेवला. मग त्यांनी त्यांच्या मुलाची गोष्ट सांगितली. हा मुलगा आता मोठा इंजिनिअर आहे. तो झाला तेव्हा काकूंनाही दूध पुरलं नाही. बोंडल्यानं शेळीचं दूध पाजून त्याला वाढवलं. "त्याचं काई न्हाई, पोरगं वाढलं," काकू म्हणाल्या. "पण आमच्या सासूबाई, जाईल तिथं सांगायच्या. लग्नात, हळदीकुंकवात, बारशात. हिच्या अंगाला दूधच न्हाई म्हणून. पुरणपोळी वाढताना सांगायच्या. आन् सर शेजारी बसून जेवायचे. बायांचा विषय हाय म्हणायचे."

हे सांगताना त्या रागावलेल्या नव्हत्या. मला मात्र सरांचा फार राग आला. इतक्या हुशार माणसाला हे कळू नये? पुढचे दोन दिवस तर भिंतीपलीकडून त्यांचा खोकला ऐकला तरी माझं डोकं फिरायचं.

मग एका सकाळी आत्या आणि काकू अंगणात मेथी निवडत बसल्या होत्या आणि मी आत मुलीला घेऊन बसले होते. सर बाहेर आले. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, झेंडावंदनाला घालायचे तो. माझ्या दारापाशी येऊन त्यांनी उंबऱ्याकडं पाठ केली, रस्त्याकडं तोंड केलं आणि वर्गात लावायचे तो आवाज लावला.

"बाई, एक प्रश्न आहे. बाळाला दूध पाजताना तुम्ही कुठं बसता? खाली की वर?"

गल्लीत समोरचा दूधवाला किटलीचं झाकण लावता लावता थांबला. आत्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. काकूंच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. त्या सरांच्या पाठमोऱ्या शर्टाकडं बघत राहिल्या.

मी आतून म्हटलं, "खाली, सर. भिंतीला टेकून."

सरांनी हातानं हवेतच खुर्चीची उंची धरून बघितली. मग त्यांच्या तोंडची वर्गातली मराठी सुटली आणि घरातली आली. "मंग चूक माझी हाय. मी खुर्ची धरली. इचारायला पायजे होतं, इचारलं न्हाई." आणि मग आत्यांकडं वळून, "अक्का, लेकराला तरास झाला तो माझ्यामुळं. पण ही नळी चांगली हाय. बाईला एक डाव पाजू द्या. दूध यील तिला."

दूध यील तिला! हे सरांनी भर सकाळी, गल्लीत, चारचौघांत उच्चारलं. आत्याही इतक्या गडबडून गेल्या की नाही म्हणायचं विसरल्या.

या खेपेला फळी नव्हती. वर पाळण्यासाठी आकडा होताच. सरांनी त्याला एक लहान कप्पी बांधली, शाळेच्या झेंड्याची असते तसली. काकूंनी सुतळीचं छोटं शिंकाळं विणलं, त्यात झाकणाची वाटी बसली आणि दोरीचं टोक माझ्या उजव्या हाताशी आलं. दोरी ओढली की वाटी वर, सोडली की खाली. पहिला प्रयोग मी केला तेव्हा सर दाराबाहेर पाठ करून उभे राहिले आणि तिथून शिकवायला लागले.

"आधी वाटी बाळाच्या तोंडाखाली. आपण होऊन दूध आलं नाही पाहिजे. ओढायला लागली?"

"ओढतेय, सर."

"ओढू द्या. तिला काम करू द्या. दमली असं वाटलं तर एक बोट वर, जास्ती न्हाई. ठसका लागला की लगेच खाली."

ती ओढत होती. नळीतून दुधाची बारीक रेघ पुढं सरकायची, थांबायची, परत सरकायची. मुलगी थांबायची, श्वास घ्यायची, परत ओढायची. तिनं तोंड फिरवलं नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि दोन्ही हात अडकलेले, पुसायची सोय नाही. आत्यांनी पदरानं माझे डोळे पुसले आणि खेकसल्या, "रडू नगंस, दोरी हलायली."

त्यानंतरची गंमत अशी की दोरी आत्यांनी ताब्यात घेतली ती सोडलीच नाही. "तुला न्हाई जमत, दे हिकडं," म्हणत त्या बाजेवर बसायच्या आणि डोळे बारीक करून वाटी वरखाली करायच्या. "वर घिऊ का गं? नगं, वडायलीय चांगली." बघायला येणाऱ्या बायकांना त्या हे यंत्र दाखवायच्या, आणि ते सिरसाळ्याकडं कुणाकडंच नाही हेही सांगायच्या. एकदा त्यांनी सरांना बाहेर ऐकू जाईल असं म्हटलं, "मास्तर, शिंकाळं जरा तिरकं बसायलंय." सर लेव्हलची नळी घेऊन धावत आले, आणि दारात आल्यावर कार्यक्रम चालू असल्याचं लक्षात येऊन तसेच मागं फिरले.

डॉक्टरीणबाईंनी मुलीला काट्यावर ठेवलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. "वाढलंय," त्या म्हणाल्या. "चांगलं वाढलंय. काय केलंत?" मी कप्पीचं सांगितलं. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

हळूहळू वाटीतलं दूध उरायला लागलं. आधी थोडं, मग निम्मं. मुलीला नळीशिवाय घेतलं तर कसं, असं मनात यायचं, पण धीर व्हायचा नाही. एके दिवशी दिवेलागणीला आत्यांना डुलकी लागली होती आणि मुलगी भुकेनं कुरकुरायला लागली. मी तिला तसंच घेतलं. नळी नाही, पट्टी नाही, दोरी नाही. ती प्यायली, पोटभर प्यायली, आणि तोंड उघडं टाकून माझ्या हातावर झोपून गेली.

तिला पाळण्यात ठेवून मी भरलेली वाटी घेऊन ओट्यावर आले. सर खुर्ची टाकून बसले होते.

"सर, आज वाटीतलं दूध तसंच राहिलं."

ते ताडकन उठले. "नळी तुंबली असेल. कोमट पाण्यात—"

"नळी लावलीच नाही, सर. अंगावरच प्यायली. झोपली."

सर माझ्याकडं बघत राहिले. इतक्या दिवसांत या विषयावर बोलताना त्यांनी माझ्या तोंडाकडं पहिल्यांदाच बघितलं. शाबासकी देतील असं मला वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, न घालताच आत गेले.

मी घरात येऊन मुलीचे कपडे आवरायला घेतले. भिंतीपलीकडं काकूंच्या कढईत फोडणी चुरचुरत होती. मग सरांचा आवाज आला, वर्गातला नाही, अगदी खालचा.

"ऐक गं. तुझ्या अंगाला दूध होतं. कसं आणायचं ते आपल्याला सांगणारं कुणी नव्हतं, एवढंच. तुझ्यात काई कमी नव्हतं."

कढईतलं उलथणं वाजायचं थांबलं.

"आन् आई बोलायची तवा मी जेवत बसायचो."

बराच वेळ नुसती कढई ऐकू येत होती. मग तिचाही आवाज बदलला आणि करपट वास भिंत ओलांडून आमच्याकडं आला. आत्या डुलकीतून जाग्या झाल्या, नाक वर करून म्हणाल्या, "मास्तरीणबाईची भाजी लागायली वाटतं. ध्यान कुठं हाय बाईचं? जाऊन सांगते."

त्या उठायला लागल्या तसा मी त्यांचा पदर धरला.

"बसा, आत्या," मी म्हटलं. "आज लागू द्या त्यांची भाजी."